डाव्या मांडीवरचं मशीन

ताईचं जुनं मशीन मिस्त्रींच्या घरी बंद पडलं, तेव्हा मी तिथंच होते.

मशीन म्हणजे लॅपटॉप. ताई त्याला मशीनच म्हणते. ती पाय बनवते. अपघातात किंवा आजारात ज्यांचा पाय गेला, त्यांच्यासाठी. गल्लीत तिला सगळे पायवाल्या ताई म्हणतात आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. तिच्या वर्कशॉपच्या वरची खोली मी भाड्यानं घेतली आहे. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. ती माझ्याहून बरीच मोठी. तरी मैत्री झाली. रोज एकाच जिन्यावर बसून चहा प्यायला की ती होतेच.

त्या दिवशी मी सोबत गेले ती निव्वळ कुतूहल म्हणून. मिस्त्री म्हणजे लोखंडी गेट आणि कठडे करणारे वेल्डर. स्वतः बनवलेलं एक गेट उभं करताना कलंडलं आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. घरामागं त्यांची शेड होती. हत्यारं भिंतीवर जागच्या जागी टांगलेली. काचेचा मुखवटा खिळ्याला. फक्त कामाचा आवाज नव्हता. बसून काम करून बघा, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांचं एकच उत्तर असे, की गेट उभं असतं, मग माणूस बसून कसा चालेल.

ताईनं केलेले पाय त्यांनी परत पाठवले होते. एक टोचतो म्हणून. एक सैल आहे म्हणून. शेवटच्याचं तर कारणही सांगितलं नाही. त्यांची सून तो पिशवीत घालून घेऊन आली आणि चोरी पकडली गेल्यासारखी दारात उभी राहिली.

नव्या पायात सगळ्यात अवघड काय असतं ते मला ताईमुळं कळलं. पाऊल नाही, नळीही नाही. वरची वाटी. तिला सॉकेट म्हणतात. उरलेला पाय त्या वाटीत बसतो आणि सगळं वजन तिथं येतं. ती अंगाला बसली तर माणूस चालतो. नाही बसली तर बाकीचा पाय सोन्याचा असला तरी कोपऱ्यात उभा राहतो.

पूर्वी ती वाटी प्लास्टरच्या साच्यावरून व्हायची. आता ताई हातात धरायच्या एका छोट्या स्कॅनरनं पायाभोवती फेरी मारते आणि मशीनच्या पडद्यावर एक करड्या रंगाचा पाय उभा राहतो. तो ती पडद्यावरच घडवते. कुठं दाबायचं, कुठं जागा सोडायची. या धंद्यातले बाकीचे लोक स्कॅन घेतात, घरी जातात आणि निवांत बसून हे करतात. ताई तसं करत नाही. तिची पद्धत ठरलेली आहे. ती ठेंगण्या स्टुलावर बसते. समोरच्याचा पाय आपल्या उजव्या मांडीवर घेते. मशीन डाव्या मांडीवर. एक हात पायावर, एक हात मशीनवर. अंगठ्यानं कातडीखालचं हाड शोधायचं आणि पडद्यावर तीच जागा मोकळी करायची.

डावी मांडी तिची स्वतःची नाही. म्हणजे तिचीच आहे, पण तिनंच बनवलेली. मांडीच्या वरच्या भागापासून खाली सगळा पाय कृत्रिम आहे. ती म्हणते, लोकांना टेबल विकत घ्यावं लागतं, मला अंगावरच मिळालं.

तर त्या दिवशी तिचा अंगठा मिस्त्रींच्या पायावर होता आणि पडद्यावरचा पाय जागचा हलेना. तिनं वाट बघितली. मशीन बंद करून सुरू केलं. पुन्हा स्कॅन उघडलं. पुन्हा तेच. मिस्त्रींच्या पायावर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या, त्यामुळं तिनं अगदी बारीक स्कॅन घेतलं होतं. तेवढं ओझं त्या म्हाताऱ्या मशीनला झेपत नव्हतं. ताई खोटं बोलत नाही. तिनं सांगून टाकलं, की हे आता घरी नेऊन मोठ्या कॉम्प्युटरवर करावं लागेल. याआधी प्रत्येक वेळी तसंच करावं लागलं होतं.

मिस्त्रींनी पाय काढून घेतला. त्यावर लुंगीचं टोक ओढलं.

"म्हणजे पुन्हा अंदाजानं," ते म्हणाले.

"हो."

"मग असं करा, बाई. अजून एकदा या. पण जे काय करायचं ते इथं करा, माझ्यासमोर. नाही जमलं तर शेड मी भाच्याला देऊन टाकतो. तो कधीचा मागतोय."

ते रागावून बोलले नव्हते. सून मात्र आतल्या दाराला टेकली. भाच्याला शेड देणं म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. मिस्त्री दिवसभर त्या शेडकडं तोंड करून बसत. शेड गेली असती तर तोंड कुणीकडं करून बसले असते, कोण जाणे.

 घरी येताना ताई आपल्या पहिल्या पायाविषयी बोलली. कॉलेजात असताना रस्त्यावरच्या अपघातात तिचा पाय गेला होता. पहिला नवा पाय खोक्यातून आला. माप एका माणसानं घेतलं होतं, बनवला दुसऱ्यानं, दुसऱ्या गावात. बनवणाऱ्यानं तिला कधी बघितलंच नव्हतं. तो पाय घालून ती वर्षभर रडली आणि त्यानंतर हेच शिकायला गेली. दाराबाहेर पडलं की हात विसरतो, असं ती म्हणते. डोळे लक्षात ठेवतात, कागद लक्षात ठेवतो. हात विसरतो.

म्हणून नवं मशीन घ्यायचं ठरलं.

ताईची आई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. तिला हा खर्च पटलेला नव्हता. जुनं मशीन चांगलं दिसतं, फूटबीट काही नाही, असं तिचं म्हणणं. ताईनं समजावलं, की माणूस चांगला दिसतो म्हणून त्याला पोती उचलता येतात असं नाही. आई म्हणाली, तुझे वडील चांगले दिसायचे, पोतं कधी उचललं नाही, तरी मी बदलले नाहीत. ताईनं पिशवी उचलली. आम्ही निघालो.

मला बरोबर नेण्याचं कारण ताईनं सांगितलं. दुकानदार बोलायला लागला की तिचं डोकं बंद होतं. मला शब्दांची सवय आहे, तर शब्द मी ऐकायचे आणि मशीन ती बघेल.

दुकानातले काका पन्नाशीचे होते. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, हे त्यांनी पहिल्या पाच वाक्यांतच सांगितलं. दुकान बर्फाच्या पेटीसारखं गार होतं. त्यांनी आधी एक पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढं केला. एका बोटानं उचलून दाखवला. ताईनं पडद्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि म्हणाली, उन्हाच्या खिडकीशी बसले तर मला यात पाय दिसायचा नाही, मीच दिसेन. मग त्यांनी खेळ खेळणाऱ्यांचा एक आणला. ताकदवान होता. पण झाकण उघडताच त्याच्या बटनांखाली लाल, निळे, हिरवे दिवे पळायला लागले.

"हा घेऊन गेले तर माझा पेशंट उठून नाचायला लागेल," ताई म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "तसा लागला तर बरंच आहे म्हणा."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नेमकं काम काय, असं विचारलं. ताईनं सांगितलं. ते ऐकताना त्यांची दुकानदारी हळूहळू खाली बसली. ते आत गेले आणि काळ्या रंगाचा, जाडसर, कसलीही शोभा नसलेला एक लॅपटॉप घेऊन आले. याला वर्कस्टेशन म्हणतात, ते म्हणाले. इमारतींची, यंत्रांची चित्रं काढणारे इंजिनिअर हा नेतात. साइटवर, धुळीत. आमच्याकडं हा दाखवायला ठेवलेला नसतो, कारण याच्याकडं कुणी वळून बघत नाही.

ताईनं वळून बघितलं.

तिनं पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्यात मिस्त्रींचा पाय होता. काकांनी तिचा प्रोग्रॅम चालवून दिला, तो उघडला आणि ताईनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे चार्जरची वायर उपटली. काका हसले. त्यांना कारण कळलं होतं. पुष्कळ मशीनं वायर लावलेली असताना पैलवान असतात आणि वायर काढली की धाप टाकतात. ज्या घरांत ताई जाते तिथं प्लग कपाटामागं असतो, नाही तर सैल असतो. वायरचं बळ तिच्या उपयोगाचं नव्हतं.

करडा पाय पडद्यावर गिरकी घेऊन उभा राहिला. ताईनं दाबला, दबला. सोडला, फुगला. कुठं अडखळला नाही. ती बराच वेळ त्याला फिरवत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. भाजीवाल्यासमोर चेहरा कोरा ठेवायचा असतो, तसा तिनं तो ठेवला होता.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. बटनांमध्ये प्लास्टरचा भुगा गेला तर. चहा सांडला तर. तळाचं झाकण स्क्रू काढून उघडतं का, उद्या मेमरी वाढवायची तर. बिघडलं तर मी दुकानात आणायचं, का माणूस घरी येणार. काका एकेकाचं उत्तर देत होते. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले आणि फोन करून विचारलं. मला तो माणूस आवडला.

"आणि पडलं तर?" ताईनं विचारलं.

"पडू द्यायचं कशाला, मॅडम."

"मी पडते," ती म्हणाली. "अधूनमधून. पाठीवर जे असेल ते माझ्याबरोबर पडतं."

काकांनी तिच्या पायाकडं बघितलं. तोवर त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी आतून त्याच जातीचं एक जुनं मशीन आणून टेबलाच्या कडेला ठेवलं, डोळे मिटले आणि ढकललं. धप्प आवाज झाला. उचलून झाकण उघडलं. पडदा लागला. काकांनी श्वास सोडला, तेव्हा कळलं की खात्री त्यांनाही नव्हती.

वजनाचा प्रश्न राहिला होता. बळकट मशीन जड असतं. ताईचा डावा गुडघा यंत्राचा आहे. पाठीवरचं ओझं वाढलं की त्याची चाल बदलते. ती मशीन पाठपिशवीत घालून दुकानाच्या जिन्यावरून खाली गेली, वर आली. पुन्हा खाली गेली. येणारीजाणारी माणसं बाजूला होऊन तिला वाट देत होती. तिसऱ्यांदा वर आल्यावर ती म्हणाली, जड आहे, पण प्रामाणिक जड आहे. एका बाजूला ओढत नाही.

शेवटची अट तिनं सगळ्यात स्पष्ट सांगितली. मशीन गरम व्हायला नको. पेशंटचा पाय अगदी शेजारी असतो, उघडा. ती कातडी नाजूक असते, कधी कधी तिला चटकाही कळत नाही. हे नसेल जमत तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

काकांनी मशीनला जड काम लावून दिलं. ताई स्टुलावर बसली. मशीन मांडीवर घेतलं. आम्ही तिघं वाट बघू लागलो. पंख्याचा बारीक आवाज येत होता. बराच वेळ गेला.

"गार आहे," ताई म्हणाली.

काकांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, म्हणूनच तर. मीही मान हलवली. आम्ही तेच घेतलं.

मिस्त्रींकडं जायच्या दिवशी मी पुन्हा सोबत होते. या वेळी सुनेनं खिडकीशी जागा करून ठेवली होती. मिस्त्री दाढी करून बसले होते. ताईनं नेहमीसारखा ठेंगणा स्टूल घेतला. त्यांचा पाय उजव्या मांडीवर टॉवेल पसरून त्यावर घेतला. मशीन डाव्या मांडीवर उघडलं. मिस्त्री पडद्याकडं बघत राहिले. आपलाच पाय करडा होऊन फिरताना बघणं सोपं नसावं. त्यांनी जबडा घट्ट धरला होता.

ताई दुसऱ्या पेशंटशी बोलते तसं बोलत नव्हती. नुसता अंगठा फिरवत होती. मशीन तिच्या वेगानं चालत होतं. असा थोडा वेळ गेला आणि तिचा अंगठा थांबला.

तिनं हाताचा पूर्ण तळवा पायावर ठेवला. मग पाठीमागून, मग बाजूनं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं.

तिनं विचारलं, मधे ताप आला होता का. नाही. रात्री ठणकतं का. नाही. टाके घातलेल्या जागी ओल दिसली का. सून पुढं आली. नाही म्हणाली. पाय गरम लागत होता. उरलेला पाय एका बाजूनं गरम लागतो तेव्हा आत काहीतरी चिघळत असतं, हे त्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. पुन्हा हॉस्पिटल. पुन्हा कापणं, आणखी वर. मिस्त्री शेडच्या दाराकडं बघत होते.

मी खाली बघत होते. मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. म्हणून मला ते दिसलं. टॉवेलचं एक टोक हलत होतं. खिडकी माझ्या पाठीशी होती आणि वारा नव्हता. मी हात पुढं केला. मशीनच्या उजव्या कडेला बारीक फटी होत्या. त्यांतून हवा येत होती. चांगली गरम.

"ताई," मी म्हटलं. "मशीन."

तिनं हात फटीपाशी धरला. मग मशीनच्या तळाखाली सरकवला आणि पटकन काढून घेतला. मग ती आपल्या डाव्या मांडीकडं बघत राहिली. बघताना तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

दुकानात तिनं मशीन नेहमीच्या सवयीनं डाव्या मांडीवर घेतलं होतं. एवढं तपासलं. वायर काढली, जिने चढली, पाडून बघितलं. आणि गरम होतं का ते विचारलं प्लास्टिकला. आम्ही तिघंही शेजारी बसलो होतो. काकांना सवय माहीत नव्हती. मला माहीत होती. तरी मी मान हलवली होती.

तिनं मिस्त्रींना सगळं सांगितलं. पाय चांगला आहे, चूक माझ्या मांडीची आहे, असं म्हणाली.  मिस्त्री ताईच्या पायाकडं बघत होते. इतक्या दिवसांत ते तिच्या पायाकडं असे पहिल्यांदाच बघत असावेत.

"म्हणजे तुमचा पायसुद्धा तुम्हाला खरं सांगत नाही," ते म्हणाले.

"मेला कधीच नाही," ताई म्हणाली आणि मशीन उचलायला लागली.

"राहू द्या."

तिला वाटलं, ते भिडेनं म्हणतात. ती उचलतच होती.

"राहू द्या, बाई. बरं वाटतंय." ते थांबले. "आयुष्य आगीशेजारी गेलं माझं. दवाखान्यातून आलो तेव्हापासून हा पाय गार आहे. रजई घेतली तरी गार. सांगणार कुणाला, की पाय नाही पण गार लागतो."

  

ताईनं मशीन वीतभर लांब सरकवलं. हवा आणि पाय यांच्या मधे स्वतःचा उजवा हात धरला. हात तर तिचा खरा होता. जेवढी ऊब तिच्या हाताला सोसली तेवढीच तिनं पलीकडं जाऊ दिली. मशीनला तिनं मुद्दाम जड काम लावून ठेवलं होतं. पडद्यावर करडा पाय आपोआप गोल फिरत होता. तो कुणी बघत नव्हतं.

मिस्त्रींचा जबडा हळूहळू सुटला. मग खांदे. आणि मग ताईनं अगदी हळू, जणू मुद्रितातली चूक दाखवावी तशी, मला भुवईनं खूण केली. तिच्या अंगठ्याखाली पाय बदलत होता. पोटरीचा उरलेला भाग दगडासारखा होता, तो कणकेसारखा होत होता.

नंतर तिनं मला समजावून सांगितलं. मिस्त्री आजवर प्रत्येक वेळी पाय आवळून बसत होते. सैल सोडा म्हटलं की सोडलाय म्हणत. ते खोटं बोलत नव्हते. आपण आवळलंय हे त्यांनाच कळत नव्हतं. आवळलेल्या पायाचा आकार वेगळा असतो. स्नायू वर येतो, हाडाचं टोक आत दडतं. ताईनं आजवर जे मापलं होतं तो मिस्त्रींचा पाय नव्हताच. ती त्यांची भीती होती. त्या भीतीच्या मापाच्या वाट्या करून ताईनं पाठवल्या होत्या आणि त्या टोचत होत्या, यात नवल काय. तिला संशय होता. पण संशयाला पाय मोकळा करता येत नाही.

मिस्त्रींना डुलकी लागली. सून चहा ठेवायला आत गेली, भांडी न वाजवता. ताईनं मशीनचं तोंड दुसरीकडं फिरवलं. गरम पाय थोडा फुगलेला असतो, तो निवू द्यावा लागतो. आम्ही बसून राहिलो. पाय निवला, पण पुन्हा आवळला नाही. तेव्हा तिनं स्कॅनर उचलला आणि सगळं पहिल्यापासून केलं. जुनं स्कॅन पुसून टाकलं.

मिस्त्री मधेच जागे झाले. त्यांनी पडदा बघितला. हा वेगळा दिसतोय म्हणाले. लोखंडाचा बाक ज्याला डोळ्यांनी कळतो, त्याला ते कळणारच. मग ते पुढं वाकले आणि आपल्या पायावर एका जागी बोट ठेवलं. इथं, म्हणाले. इथं जरा जास्त सोडा. ताईचा अंगठा त्यांच्या बोटाशेजारी गेला. पडद्यावर तीच जागा मोकळी झाली. मग आणखी एक जागा. मग एका ठिकाणी त्यांनी स्वतःच दाबायला सांगितलं. चहा निवून गेला. मशीन एकदाही अडकलं नाही आणि वायर पिशवीतच राहिली.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि ते तापट मशीन ताबडतोब बदलून आण म्हणाली. ताईनं दुकानातल्या काकांना फोन केला. ते बिचारे ओशाळले. लगेच दुसरं देतो म्हणाले. ताई म्हणाली, दादा, आता हेच असू दे. फक्त पुढच्या वेळी मी बसले की कुठली मांडी ते विचारा.

तिनं मशीन ठेवायला एक घडीचा स्टूल घेतला. आता हवा भिंतीकडं जाते. डावी मांडी रिकामी असते. तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं, हे ती कबूल करत नाही.

मिस्त्री तात्पुरती वाटी बघायला वर्कशॉपमध्ये आले, ते दवाखान्यातून आल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर. कुबड्या आणि सून, दोन्ही बरोबर. ही पहिली वाटी पारदर्शक असते. आतली कातडी कुठं पांढरी पडते ते बाहेरून दिसावं म्हणून. ताईनं पाय चढवून दिला. वर्कशॉपच्या मधोमध चालायचा सराव करायला दोन आडव्या लोखंडी दांड्या आहेत. त्यांच्या मधे मिस्त्री उभे राहिले. हात दांड्यांवर.

ताई वाटीतून आत बघत होती. मी जिन्याच्या पायरीवर होते. आई खुर्चीत.

मिस्त्री पायाकडं बघत नव्हते. ते दांडीकडं बघत होते. हाताखालच्या वेल्डिंगच्या जोडाकडं. त्यांनी त्यावरून नख फिरवलं.

"हे कुणी केलं?" ते म्हणाले.

ताई म्हणाली, होता एक जण, कोपऱ्यावरचा.

"शेण थापलंय."

त्यांनी पुढचा जोड बघायला हात सोडला. मग त्याच्या पुढचा. वाकून खालून बघितला. दांडीच्या टोकाला गेले, तिथला पाया हलवून बघितला आणि नाराजीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. मग वळून पलीकडच्या दांडीनं मागं आले, प्रत्येक जोडापाशी थांबत. दांडीला ते हात लावत होते, पण धरायला नाही.

सुनेनं तोंडाला पदर लावला. आई काहीतरी बोलणार होती. ताईनं नुसती तर्जनी वर केली. 

"एखादा जड माणूस यावर रेलला तर जीव जाईल त्याचा," मिस्त्री म्हणाले. "सगळे जोड काढून पुन्हा मारायला पाहिजेत. खूण करून ठेवतो. खडू आहे का?"

खडू ताईच्या हाताजवळ होता. मी बघत होते. तिनं तो टेबलावरच्या टॉवेलखाली सरकवला.

"आहे," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या फळीवर असेल. बघा जरा."

मिस्त्री दांड्यांच्या बाहेर पडले आणि फळीकडं गेले.